दुसऱ्या गिअरात

सैकहून निघालो तेव्हा पावणेपाच झाले होते.
जानेवारीतलं ऊन डोंगराच्या कडेवर कोपर टेकून
उतरू की नको करत होतं.
डाळिंबांच्या बागा पार उघड्या, काटक्याच काटक्या.
मागे हौद्यात चौदा टन भंगार:
हॉटेलचे जुने पाइप, एक मेलेला जनरेटर,
आणि कुणीतरी वर भिरकावलेली लहान मुलाची सायकल,
जिचं पुढचं चाक वाऱ्यावर आपलं आपण फिरत होतं.

शेजारी हिदायत. दापोलीचा. लायसन नवंकोरं.
म्हणाला, चाचा, सगळा उतारच आहे,
न्यूट्रल मारू या, डिझेल वाचेल.
मी काही बोललो नाही.
काच आतून धुरकटली होती, ती बाहीने पुसली.

मला घाग मास्तरांनी शिकवलं, कुंभार्ली घाटात.
त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं.
ती गिअरच्या दांडीवर ठेवून म्हणायचे,
ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर.
डोंगर उधारी विसरत नाही.

इथला डोंगर तसा नाही.
ना झाड, ना शेवाळ, ना वळणावरचा नारळ फोडायचा दगड.
आठ महिने पाऊस नव्हता, डांबर नुसतं तेल पीत बसलेलं.
दुपारी चार थेंब पडले, दोन गारा पडल्या,
आणि रस्त्याने प्यालेलं सगळं ओकून टाकलं.
बुळबुळीत. साबण सांडल्यासारखं.

दुसरा गिअर. इंजिन अडलेल्या म्हशीसारखं हंबरत होतं.
काटा अठरावर.
मागून एक पांढरी लँडक्रूझर दिवे मारत आली,
पुढे गेली. खिडकीतून एक हात बाहेर,
आभार की शिवी, कळलं नाही.

कडेला वर चढत जाणारी खडीची वाट लागली,
ब्रेक गेलेल्यांसाठी बांधलेली.
खडीत दोन खोल चाकोऱ्या होत्या, जुन्या.
हिदायत त्यांच्याकडे बघत राहिला, मान वळेपर्यंत.
न्यूट्रलचं नाव परत काढलं नाही त्याने.

तरी वास आलाच. जळक्या केसांचा.
पुढच्या रुंद जागेत गाडी घेतली, चाकांना दगड लावले.
हिदायत पाण्याची बाटली घेऊन धावला,
मी त्याचं मनगट धरलं.
तापल्या ड्रमवर गार पाणी ओतलं तर तडकतो, बाळा.
राग आलेल्या माणसाला जसं, तसंच.
नुसतं बसायचं.

सुपरवायझरचा फोन. कुठे पोचलास?
ब्रेक थंड होतायत.
किती वेळ?
थंड होईपर्यंत.
त्याने ठेवला. परत केला. परत ठेवला.

तेवढ्यात वरच्या पायवाटेने एक म्हातारा उतरला,
कोटाच्या आत बकरीचं पिल्लू, हातात थर्मास.
नाव खमीस, एवढंच सांगितलं.
काहवा ओतला, खजूर दिले,
मग मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला
आणि दोन्ही तळवे ड्रमसमोर धरले.
शेकोटीला धरतात तसे.
मीही बसलो. मग हिदायत.
दोन अंश थंडीत तीन माणसं
एका चुकीच्या उष्णतेभोवती.
पिल्लू मधेच मान बाहेर काढून बघायचं, परत आत.
आमची अरबी संपली तेव्हा कुणी बोललं नाही.
हात शेकेनासे झाले तेव्हा म्हातारा उठला, म्हणाला,
आता जा.

बिरकत अल मौझच्या चौकीवर
पोलिसाने मान वर केली, परत मोबाईलमध्ये घातली.
सपाट रस्ता लागला. तिसरा, मग चौथा.
हिदायत झोपला होता, तोंड उघडं टाकून.

रात्री जमीलाचा फोन.
काय झालं आज?
काहीच नाही.
मग आवाज का असा?
थंडी आहे गं.
कान बदलायला फोन दुसऱ्या हातात घेतला.
बोटांना अजून लोखंडाचा वास येत होता,
आणि वेलचीचा.